वर्गात सगळीकडची मुलं आहेत आणि आम्हाला शाळा आवडते. एवढं पुरेसं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: "आमची मुलगी येरवडा भागातल्या एका अनुदानित, सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. वर्गात रिक्षावाल्यांची, बँकेतल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची, आयटीवाल्यांची अशी सगळी मुलं आहेत. कोणी घरी तेलुगू बोलतं, कोणी दखनी, कोणी वडारी. एकाला कानाचं यंत्र लागतं. मुलगी रोज आनंदाने शाळेत जाते, आम्हालाही शाळा मनापासून आवडते. पण सासरचे सगळे म्हणतात, 'तिची भाषा बिघडेल, अभ्यासात मागे पडेल, वेळेत चांगल्या शाळेत घाला.' आमचं शाळेवरचं प्रेम भाबडं आहे का? आणि घरी आम्ही काय करावं?"

भाबडं मुळीच नाही. पण मला जे जाणून घ्यायचं होतं त्यातलं अर्धंच तुमच्या पत्रात सापडलं. वर्गात कोण कोण आहे ते तुम्ही सांगितलंत. तुमच्या मुलीशेजारी कोण बसतं, ते सांगितलं नाहीत. पुण्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवण्यात आणि पुढे इतरांचे वर्ग पाहण्यात माझी हयात गेली. कुठल्याही वर्गात गेले की मी फळ्याआधी बाक बघते. पटावर सगळ्या तऱ्हेची नावं असतात, पण बाकांवर बघावं तर सोसायटीतली मुलं सोसायटीतल्यांबरोबर, वस्तीतली वस्तीतल्यांबरोबर, आणि गेल्या महिन्यात आलेलं, मराठी न येणारं पोर दाराजवळ एकटं. अशी शाळा माहितीपत्रकात विविधतेचे फोटो छापू शकते. मुलांच्या पदरात मात्र फारसं काही पडत नाही.

सासरच्या मंडळींच्या दोन्ही भीत्या मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्या बहुतेक घरांत असतात. 'अभ्यासात मागे पडेल' ही आधी घेऊ, कारण तिच्याबद्दल भारतातलाच एक चांगला अभ्यास आहे. दिल्लीतल्या अनेक खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतल्या मुलांना प्रवेश देणं भाग पडलं. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या सुस्थितीतल्या मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंदी आणि गणितात फरक सापडला नाही, सगळे विषय एकत्र धरूनही नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, तीही जेमतेम म्हणावी अशी. आणि हो, वर्गात अपशब्द वापरण्याचं प्रमाण थोडं वाढलं. मारामारी किंवा दंगा वाढला नाही. म्हणजे 'भाषा बिघडेल' म्हणताना तुमच्या सासूबाईंना 'शिव्या शिकेल' असं म्हणायचं असेल, तर ती भीती अगदीच हवेतली नाही. फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी मुलं काय बोलतात तेही त्यांनी एकदा गॅलरीत उभं राहून ऐकावं.

दुसऱ्या पारड्यात काय पडलं ते जास्त महत्त्वाचं. गरीब वर्गमित्र असलेली मुलं जास्त वाटून घेणारी निघाली, आणि तेही फक्त गरिबांशी नाही, सगळ्यांशीच. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं, तेव्हा गरीब मुलांबरोबर न शिकलेली काही मुलं जोरात धावणारा गरीब मुलगा सोडून आपल्यासारख्या घरातला, हळू धावणारा जोडीदार घेत होती. बक्षीस हातचं जाईल हे दिसत असूनही. एकत्र शिकलेल्यांत हे बरंच कमी होतं. यातली माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडलेले होते, त्यामुळे कोणाच्या गटात कोण येणार हे निव्वळ योगायोगावर होतं. ज्यांच्या गटात गरीब मुलं आली, त्यांच्यावर परिणाम ठळक दिसला. नुसतं एका छपराखाली बसून हा बदल होत नाही, रोज एकमेकांशी काम पडावं लागतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच म्हटलं होतं की वेगवेगळ्या गटांतल्या माणसांचा संपर्क आला म्हणजे पूर्वग्रह आपोआप जातात असं नाही. त्या संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, काम एकत्र करायचं हवं, ध्येय एकच हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. वर्गात 'वरच्या' म्हणजे बाई.

आता भाषा. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे.

पुण्यात 'भाषा बिघडणे' याचा अर्थ बहुतेकदा मूल 'पानी' म्हणायला लागलं किंवा 'आमी न्हाय जानार' म्हणालं एवढाच असतो. सात वर्षांचं मूल घरात एक बोली, खेळताना दुसरी आणि बाईंसमोर तिसरी अगदी सहज बोलतं. तुमची मुलगी मैत्रिणीशी मैत्रिणीसारखं बोलत असेल तर तिचे कान चांगले आहेत. चिंता कधी करायची? घरात गोष्टीच सांगितल्या जात नसतील, पुस्तकं वाचली जात नसतील आणि तिचे शब्द वर्षभर तेवढेच राहिले असतील तेव्हा. त्याचा शेजारच्या बाकावरच्या मुलाशी काही संबंध नाही.

उलट बाजूने बघा. जे मूल घरी वडारी किंवा तेलुगू बोलतं, त्याच्या तोंडून पहिल्याच आठवड्यात एखादा शब्द येतो आणि वर्ग हसतो. बाईही हसल्या, तर ते मूल पुढचे सहा महिने गप्प बसतं आणि आपण त्याच्या नावापुढे 'अबोल' लिहितो. बाईंनी तोच शब्द फळ्यावर लिहिला आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहिला, तर सगळा वर्ग आपापल्या घरचे शब्द घेऊन धावत येतो. मी हे इतक्या वर्गांत पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. कायद्यातही याला आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शिकवण्याचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. एका वर्गात पाच मातृभाषा असल्या की हे अक्षरशः पाळणं शक्य नसतं. पण घरच्या भाषेला वर्गात जागा देणं कुठल्याही बाईंना जमतं आणि त्याला खर्च येत नाही.

गणिताचं एक उदाहरण देते, कारण दुसरीत संख्या येतातच. मराठीत २१ला 'एकवीस' म्हणतात, सुटा अंक आधी आणि दशक नंतर. मूल ऐकलेलं लिहायला जातं आणि १२ लिहून ठेवतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. तुमच्या वर्गात तेलुगू बोलणारी मुलं आहेत, त्यांना घरी 'इरवै ओकटि' म्हणायची सवय आहे, म्हणजे वीस आणि एक याच क्रमाने. कन्नडमध्येही तसंच. जाणत्या बाई त्या मुलाला उभं करून म्हणतात, "तुझ्या घरी एकवीसला काय म्हणतात ते सांग, आणि आधी काय येतं तेही सांग." एवढ्याने दशक आणि एकक बहुतेक वर्गाला कळतं, आणि जो मुलगा मराठीत अडखळत होता तो त्या तासापुरता सगळ्यांचा मास्तर होतो. एकाच भाषेच्या वर्गात हा धडा घ्यायला कृत्रिम साधनं करावी लागतात. तुमच्या मुलीला तो फुकट मिळतो आहे. मिळत नसेल, तर त्याबद्दल शाळेशी बोलायला हवं.

शाळा चांगली आहे का हे बघायला मी पालकांना मधल्या सुट्टीत जायला सांगते. अनुदानित शाळा असल्याने तिथे शालेय पोषण आहार असतो. काही मुलं खिचडी घेतात, काही घरचा डबा आणतात. बऱ्याच शाळांत खिचडीवाले एका ओळीत आणि डबेवाले दुसरीकडे असे बसतात. ही व्यवस्था कोणी लिहून दिलेली नसते. बादली कुठे ठेवली यावरून ती होते आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहते. वर्गात बाईंनी मोठ्या कष्टाने एकत्र बसवलेली मुलं अर्ध्या तासात पुन्हा घरच्या मिळकतीप्रमाणे वेगळी होतात. ज्या शाळेत ताटं आणि डबे एकाच पंगतीत मांडले जातात, तिथल्या मुख्याध्यापकांना मी बाकी बरंच माफ करते. तुमच्या मुलीला डबा असला तरी अधूनमधून खिचडी खाऊ द्या. पोटभर खाईल.

पैशाची दरी मुलांना डब्यापेक्षाही लवकर दिसते ती वाढदिवस, सहल आणि स्नेहसंमेलनात. एका घरातून वर्गभर महागडी पेन्सिल-बॉक्स वाटली गेली, की पुढच्या महिन्यात वाढदिवस असलेलं एखादं मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. त्याला 'ताप' येतो. बाईंना तो ताप ओळखता यायला हवा. शाळेने काहीच वाटायचं नाही असा नियम केला तर त्याला जोरात पाठिंबा द्या, आणि नसेल केला तर पालक सभेत तुम्ही मांडा. तुमच्याकडे पैसे असताना तुम्ही मांडलंत तर त्याला वजन येतं. स्नेहसंमेलनाचे भाड्याचे पोशाख, दुकानातून आणलेले 'प्रोजेक्ट', पालकांचा इंग्रजीत चालणारा व्हॉट्सॲप गट, सगळीकडे तेच. गटावर सूचना साध्या मराठीत आणि जमलं तर आवाजात टाका. वाचता न येणारे आईवडील तुमच्याही वर्गात असतील, ते कधी सांगणार नाहीत.

कानाच्या यंत्राच्या मुलाचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात. त्याची जागा खिडकीपासून दूर आणि बाईंचं तोंड दिसेल अशी हवी, म्हणजे रस्त्याचा गोंगाट कमी आणि ओठ दिसतात. बाई फळ्याकडे तोंड करून बोलत असतील तर त्याला काही कळत नाही. मागच्या मुलांनाही कळत नाहीच, ती फक्त बोलत नाहीत.

चांगल्या बाई वर्गात नेमकं काय करतात, हेही सांगते. बाकं ठरावीक दिवसांनी बदलतात आणि ती बदलताना चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे कोणाला 'तिथे बस' म्हणून पाठवल्यासारखं होत नाही. गटकाम असं देतात की प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा असतो. एलियट ॲरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत वापरली. तिथे काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात ताण होता. आपल्याकडे तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा येतो, तेव्हा एकाकडे नदी, एकाकडे धरण, एकाकडे पिकं, एकाकडे बाजार असं वाटून देता येतं. दुसऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय कोणाचंच पान पुरं होत नाही. हुशार मुलाला इथे थोडा त्रास होतो, कारण सगळं स्वतः करून टाकायची त्याची सवय असते. होऊ द्यावा.

जे करू नये तेही सांगते. वस्तीतल्या मुलाला कौतुकाने मॉनिटर करून मिरवणं, ईदला एका मुलीला पुढे बोलावून 'तुमच्यात काय करतात ते सांग' म्हणणं, पाहुणे आले की 'ही आमची आरटीईची मुलं', म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरची, असं दाखवणं. यात चांगुलपणा असतो, पण मूल वर्गातून वेगळं काढलं जातं. शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत तर स्पष्ट म्हटलं आहे की खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. नियम करावा लागला, यावरून काय ते समजा. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. याच पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. एका बाकावर कोणी कोणाशेजारी बसायचं हा वाद या शहरात जुना आहे आणि तो मिटलेला नाही.

घरी काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मुलं विचारतातच, आणि पालक तेव्हाच घाबरून विषय बदलतात. "आई, अमक्याचा शर्ट रोज तोच का असतो?" याला "गरीब आहेत बिचारे" हे उत्तर देऊ नका. 'बिचारे' ऐकलं की मैत्रीत वरखाली सुरू होतं. "त्यांच्याकडे कपडे कमी आहेत. त्याची आई बांधकामावर काम करते, त्या कामाचे पैसे फार कमी देतात." एवढं खरं सांगितलं तर मूल पुढचा प्रश्न विचारतं, "का कमी देतात?" तो प्रश्न तिने विचारावा असाच आहे. उत्तर येत नसेल तर दोघी मिळून विचार करा. "ती नमाज का पढते?" याला "तिच्या घरी तशी प्रार्थना करतात, आपल्याकडे आजी दिवा लावते" एवढं बास. दुसरीतल्या मुलीला धर्मांवर भाषण नको असतं.

आणि एक प्रश्न तुम्ही मोठ्यांनी कटाक्षाने टाळा. मुलगी नवीन मैत्रिणीचं नाव सांगते आणि घरातून कोणीतरी लगेच विचारतं, "आडनाव काय तिचं?" आपल्याकडे हे इतकं सवयीने येतं की विचारणाऱ्याला त्यात काही केलं असं वाटतही नाही. मुलीला मात्र चार-पाच वेळात कळतं की आडनावाने काहीतरी ठरतं. मग ती शाळेत तेच विचारायला लागते. आजी-आजोबांना हे समजावणं अवघड आहे, मला माहीत आहे. निदान तुम्ही दोघांनी तरी "ती काय खेळते? तिला काय आवडतं?" असं विचारा.

एखाद्या दिवशी ती रडत घरी येईल, कारण तिची मैत्रीण शाळा सोडून गेली. बांधकामावरची घरं इमारत पुरी झाली की हलतात, ते वार्षिक परीक्षेची वाट बघत नाहीत. अशा मुलांची शाळा सुटू नये म्हणून डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था पुण्यात बांधकामांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्या मैत्रिणीच्या आईला एवढं सांगून ठेवा की नव्या जागी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे योग्य त्या इयत्तेत बसवणं शाळेवर बंधनकारक आहे. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. जमलं तर नव्या ठिकाणचा फोन नंबर मागून घ्या. मुलींना बोलू द्या.

इतकं सगळं चांगलं म्हटल्यावर एक सांगितलंच पाहिजे. वर्गात सगळीकडची मुलं आहेत म्हणून कच्चं शिकवणं चालवून घेऊ नका. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात पन्नास असतील तर कितीही मायाळू बाई असल्या तरी मागची दहा मुलं त्यांच्या हातून सुटतात, आणि ती दहा कोणत्या घरांतली असतात ते तुम्ही ओळखाल. दुसरीच्या अखेरीस मुलीला न पाहिलेला चार-पाच ओळींचा साधा उतारा द्या. ती वाचून काय झालं ते आपल्या शब्दांत सांगू शकली, तर गाडी रुळावर आहे. मग तिच्या शेजारच्या मुलाबद्दल बाईंना विचारा, त्याला येतं का. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांना असतात. तिथे सहसा बोलणारी तीच दोन-तीन माणसं असतात. तुम्ही जा, आणि जाताना वस्तीतल्या एका आईला बरोबर न्या.

चौथीनंतरचं म्हणाल, तर तुमची शाळा चौथीपर्यंतच असेल तर बदल करावाच लागेल. नव्या शाळेत सुविधांची यादी ऐकून घ्या, पण आधी एखाद्या वर्गाच्या दारात पाच मिनिटं उभ्या राहा. आणि ते एकटीने ठरवू नका. चौथीच्या दिवाळीनंतर वर्गातल्या बाकीच्या आईवडिलांना विचारा, ते कुठे अर्ज करणार आहेत. तीन-चार घरांनी मिळून एकाच शाळेत अर्ज केला तर मुलींची मैत्री टिकते, आणि ज्यांना अर्ज भरायला अवघड जातं त्यांच्याबरोबर बसून तुम्ही तो भरून देऊ शकता.